निर्गुडी उपटली आणि ओढ्याचा काठ गेला: बेळगावच्या पश्चिम शिवारातलं एक प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, मार्कंडेय नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावरचं हे प्रकरण आहे. ओढा लहान. उन्हाळ्यात जेमतेम टाच भिजेल एवढं पाणी, तेही डबक्यांतून; श्रावणात मात्र म्हैस पलीकडे न्यायची सोय राहत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा या ओढ्याचं पाणी दोन्ही अंगांच्या भातात शिरलं. मग ओढा साफ करायची मागणी सुरू झाली. २०२१ च्या पावसाआधी जेसीबी आला, काठावरची निर्गुडीच्या झुडपांची जुनी जाळी मुळासकट निघाली आणि त्याच जुलैत काठ ढासळायला लागला. पुढच्या पावसाळ्यांत ओढा एका शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरात आत आत सरकत गेला.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. असा निर्णय या पट्ट्यात अनेक गावांनी घेतलेला आहे, आणि तो कुणी वाईट हेतूनं घेतलेला नव्हता. पुराचं पाणी घरात-शेतात आलेल्या माणसाला काहीतरी करावंसं वाटणारच.

मी या सगळ्याकडे निर्गुडीच्या बाजूनं बघतो. ही वनस्पती आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची. गुडघा धरला, घरात बाळंतीण आली, धान्याला कीड लागली की तिची आठवण होते. गणपतीच्या पत्रींत काही घरी सिंधुवार म्हणून तिचं पान असतं. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ती आहे, निर्गुंडी तेल आजही दुकानात मिळतं, आणि पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था तर बेळगावातच आहे. औषध म्हणून तिची कदर करणारी माणसं इथं कमी नाहीत. पण ती उगवते कुठं आणि तिथं उभी राहून काय करते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. म्हणून पाला सगळ्यांना हवा असतो आणि जाळी कुणालाच नको असते.

ओढा आणि त्याचं शिवार

बेळगाव जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे फार झपाट्यानं कमी होत जातो. कणकुंबीकडे घाटमाथ्यावर तो वर्षाला काही हजार मिलीमीटर पडतो, शहरात १,२०० ते १,३०० च्या आसपास, आणि अथणी-रायबागकडे गेलं की त्याच्याही निम्म्यावर येतो. मार्कंडेय नदी खानापूर तालुक्यात बैलूरच्या बाजूला उगम पावते. वाटेत राकसकोपचा जलाशय लागतो, जो बेळगाव शहराला कित्येक वर्षं पाणी पाजतोय. पुढं कंग्राळी, काकतीच्या अंगानं जात ती गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. आपला ओढा या नदीच्या वरच्या अंगाचा. म्हणजे डोंगराकडचा पाऊस त्याला मिळतो, आणि तो वाहतो मात्र शेतांच्या मऊ मातीतून.

माळावर तांबडी, जांभ्याची माती आहे, तिथं रताळी होतात. खाली ओढ्यालगत वर्षानुवर्षं वाहून आलेली खोल माती आहे. तिथं भात, आणि पाण्याची सोय झाली तसा अलीकडे ऊस. ही खालची माती सोन्याची, पण तिचा कापलेला उभा काठ उघडा पडला की वाहत्या पाण्यापुढं टिकत नाही.

ओढा एके ठिकाणी डावीकडे वळतो. वळणाच्या बाहेरच्या काठावर दोन शेतं लागून आहेत. वरचं एका आज्जींचं, खालचं तात्यांचं. गाव दोघांना याच नावानं हाक मारतं, मीही तेच ठेवतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा मारा जास्त असतो हे शेतकऱ्याला सांगायला लागत नाही, म्हणून या दोन शेतांच्या काठाचं महत्त्व पहिल्यापासून होतं.

यंत्र यायच्या आधी तिथला काठ कसा होता ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तीच निर्गुडीची खरी जागा. तळात वाळू आणि गोटे. पाण्याच्या कडेला लव्हाळा. दगडांच्या फटीत कुठं कुठं शेरणीचं झुडूप, जे पुरात आडवं होतं आणि पूर ओसरला की परत उभं राहतं. त्याच्यावर काठाचा उतार सुरू होतो, आणि या उतारावर, पुराचं पाणी येऊन स्पर्शून परत जातं त्या पट्ट्यात निर्गुडी. उतार संपला की वर करंज, जांभूळ, उंबर, आणि त्यांच्या पलीकडे शेताचा बांध. असा काठ कुणी लावलेला नसतो. पाणी किती दिवस टेकतं, माती किती ओली राहते, ऊन किती लागतं यावरून ज्यानं त्यानं आपली जागा धरलेली असते. निर्गुडीला ऊन लागतं, मुळाशी ओल लागते, आणि पाण्याखाली काही दिवस गेले तरी तिला चालतं. घनदाट सावलीत ती खुरटते, म्हणून ती जंगलाच्या पोटात कमी आणि ओढ्या-नद्यांच्या उघड्या काठांवर, पडीक बांधांवर जास्त दिसते.

ज्यांनी ती फक्त वाळलेल्या पाल्याच्या पुडीत बघितली आहे त्यांच्यासाठी: माणसाच्या डोक्यावर जाणारं झुडूप, वाढू दिलं तर लहान झाडाएवढंही होतं. कोवळी फांदी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते. एका देठावर तीन किंवा पाच पत्रकं, वरून हिरवी, उलटी केली की राखाडी-पांढरी. वारा आला की सगळी जाळी रंग बदलते. फांदीच्या टोकाला निळसर-जांभळ्या बारीक फुलांचे तुरे येतात आणि ओल असेल तर वर्षातला बराच काळ येत राहतात, त्यामुळं मधमाश्या आणि भुंग्यांची तिथं सतत वर्दळ. फळ मिरीएवढं, पिकलं की काळं. पान चुरगळलं तर नाकात भरणारा उग्र वास येतो. हा वास पानातल्या उडनशील तेलाचा, त्यात सॅबिनीन, कॅरियोफायलीन असे घटक सापडतात. पूर्वी वनस्पतीशास्त्रज्ञ निर्गुडीला सागाबरोबर एका वेगळ्या कुळात ठेवायचे; आता साग आणि निर्गुडी दोघंही तुळशीच्या कुळात धरले जातात.

या वासाचा काठाशी थेट संबंध आहे. गुरं आणि शेळ्या निर्गुडीला सहसा तोंड लावत नाहीत. ज्या ओढ्यावर रोज म्हशी पाण्याला येतात तिथं चारा असलेलं कुठलंही झुडूप तग धरत नाही, आणि निर्गुडी मात्र वर्षानुवर्षं उभी राहते. कुंपणाला ती लावायची रीत याच कारणानं पडली.

जाळी का माजली

२०१९ च्या पुरानंतर गावातली तरणी पोरं म्हणत होती की ओढ्यात झाडोरा माजलाय. ते खरंच होतं. निर्गुडी इतकी दाट झाली होती की काही जागी ओढ्यात उतरायला वाट नव्हती, आणि काही झुडपं उतार सोडून तळातल्या गाळाच्या बेटावर गेली होती. पूर्वी असं नव्हतं. का नव्हतं, हे आज्जींनी सांगितलं आणि मला या प्रकरणातली ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

पूर्वी निर्गुडी दरवर्षी कापली जायची. तिचे लांब, सरळ, लवचीक फोक काढून त्याच्या कणग्या विणायचे, वर शेणमातीचा लेप द्यायचे आणि भात त्यात ठेवायचे. गोठ्याच्या कुडाला फोक लागायचे. टोपल्यांना लागायचे. बारीक काटक्या चुलीत जायच्या. सुगी उरकली की लोक कोयता घेऊन ओढ्यावर जायचे आणि जाळी गुडघ्याएवढी राखून वरचं सगळं नेत. निर्गुडीला हे मानवतं. खोडातून नवे धुमारे फुटतात, ते आधीपेक्षा सरळ आणि जास्त, आणि मुळं जागेवर राहतात. म्हणजे काठ बांधलेला, पाण्याची वाट मोकळी, आणि घरात फोक. तिन्ही कामं एका कोयत्यानं होत होती.

मग पत्र्याच्या कोठ्या आल्या, प्लास्टिकचे पिंप आले, गोठ्याला विटा आल्या, चुलीच्या जागी गॅस आला. यातलं काहीच वाईट नाही. पण निर्गुडी कापायला जाणारं माणूस राहिलं नाही. ती माजली ती तिच्या दोषानं नव्हे. तिच्याशी असलेला आपला रोजचा व्यवहार बंद पडला म्हणून. आणि ज्या झुडपाचा उपयोग कुणाला दिसत नाही त्याला गावात एकच नाव उरतं, कचरा.

ठराव आणि यंत्र

ओढ्याचा गाळ काढायचा, तळ खोल करायचा आणि काठ साफ करायचा असं काम मंजूर झालं. बैठकीत जे मुद्दे आले ते कुठल्याही गावात येतात तेच: झुडपांनी पाणी अडतं, सापं येतात, यंत्र आलंच आहे तर एकदाच सगळं उरकून टाकू. तात्यांचाही याला पाठिंबा होता, कारण पुरात त्यांचंच भात सगळ्यात जास्त आडवं झालं होतं. "झाडोरा ठेवून काय करायचं हाय साहेब? पाणी मोकळं जाऊ दे की," असं ते पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, म्हणाल्याचं तेच सांगतात.

विरोध फक्त आज्जींचा होता आणि तोही ओढ्यासाठी नव्हता. घरात नातसून दिवसांत होती. "माझ्या बांधाला हात लावू नको बघ पोरा," त्यांनी जेसीबीवाल्याला सांगितलं. "बाळंतिणीच्या पाण्याला पाला लागतोय. परत कुठनं आणू मी?" आमच्याकडे बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात निर्गुडीचा पाला उकळतात, तो घरोघरचा नेम आहे. पोरानं त्यांचा मान राखला. त्यांच्या शेताच्या लांबीत यंत्रानं फक्त तळ खणला, उताराला हात लावला नाही. खालच्या अंगाला, तात्यांच्या बाजूला, तळ आणि उतार दोन्ही साफ झाले.

अशा रीतीनं एकाच वळणावर, एकाच पाण्यात, एकाच मातीत दोन काठ शेजारी शेजारी तयार झाले: एक निर्गुडीसकट, एक निर्गुडीविना. असा प्रयोग कुणी ठरवून केला नसता. बाळंतिणीच्या पाण्यासाठी तो झाला.

तात्यांच्या बाजूला नेमकं काय काय केलं गेलं ते नीट मांडतो, कारण पुढं सगळा दोष एकाच गोष्टीवर ढकलायचा मोह होतो. निर्गुडी वरून कापली नाही, बकेटनं मुळासकट उपसली. कापली असती तर महिन्याभरात धुमारे आले असते. दुसरं, आधी तिरका असलेला काठ जवळजवळ उभा झाला. तळ खोल गेल्यानं तो उंचही झाला. तिसरं, निघालेला गाळ आणि मुळांचे गड्डे लांब नेऊन टाकायला ट्रॅक्टरचं भाडं पडतं म्हणून ते सगळं काठाच्या अगदी कडेवर रचलं. उंच झालेल्या, उभ्या, मुळं काढलेल्या काठाच्या डोक्यावर ओल्या मातीचा ढीग. काम संपलं त्या दिवशी ओढा फार देखणा दिसत होता. सरळ, रुंद, स्वच्छ. गावानं फोटो काढले.

जुलै

२०२१ च्या जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत जोराचा पाऊस झाला. ओढा भरून वाहिला. पाणी या वेळी शेतात २०१९ एवढं पसरलं नाही, हे मान्य करायला हवं. तळ खोल केल्याचा तेवढा फायदा झाला, आणि २०१९ एवढा दिवसेंदिवस पाऊसही तिथं झाला नव्हता. काठ मात्र पूर चढताना नव्हे, ओसरताना गेला.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पुरात काठाची माती आतपर्यंत भिजून जड होते. ओढा भरलेला असतो तोवर पाण्याचाच दाब त्या काठाला बाहेरून टेकू देतो. पाऊस थांबला की ओढ्याचं पाणी झरझर खाली जातं, पण मातीतलं पाणी तेवढ्या वेगानं निघत नाही. टेकू गेला, वजन मात्र तसंच राहिलं. त्यातच वाहत्या पाण्यानं काठाचा पाया आतून पोखरलेला असतो. मग काठाला समांतर, दीड-दोन हात आत एक भेग दिसते आणि भाकरीचा तुकडा मोडावा तसा तो अख्खा भाग खाली बसतो. तात्यांच्या शेतात हे एकदा नाही, त्या पावसाळ्यात पुन्हा पुन्हा झालं. प्रत्येक वेळी बसलेली माती पुढच्या पाण्यानं वाहून नेली आणि नवा उभा काठ तयार झाला. वर रचलेल्या ढिगाचा बराचसा भागही त्यात गेला, आणि बांधावरचं एक करंजाचं झाड.

जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर तात्यांचं क्षेत्र आजही तेवढंच आहे. कसायला तेवढी जमीन नाही. या गोष्टीची भरपाई मागायला कुठला अर्ज असतो ते गावात कुणाला सांगता आलं नाही.

आता आज्जींची बाजू. तिथंही तळ खणला होता, तिथंही बाहेरचं वळण होतं, तिथंही तेच पाणी गेलं. काठ राहिला. पूर ओसरल्यावर निर्गुडी चिखलानं माखून पाण्याच्या दिशेनं झोपली होती, आठ-दहा दिवसांत उठली. पण तिथंही सगळं ठीक नव्हतं. ओढ्यात उतरून खालून बघितलं तर काठाचा वरचा, कंबरभर भाग मुळांनी गच्च विणलेला: बोटाएवढी जाड मुळं तिरकी आत गेलेली, त्यांच्यामध्ये बारीक मुळ्यांचं इतकं दाट जाळं की नखानं खरवडली तरी माती सुटत नव्हती. आणि त्याच्या खाली, जिथं यंत्रानं तळ नव्यानं खोल केला होता, तिथं हातभर उंचीची पोकळी पडलेली आणि मुळांची टोकं उघडी लोंबत असलेली. निर्गुडीची मुळं तिच्या जुन्या ओढ्याच्या मापानं वाढलेली होती. एका उन्हाळ्यात खोल केलेल्या तळापर्यंत ती पोचणार कशी?

म्हणून मी असं म्हणत नाही की निर्गुडी असती तर तात्यांचा काठ हमखास वाचला असता. उभा काप आणि डोक्यावरचा ढीग यांनीही तो पाडला. पण शेजारच्या काठावर खणलेला तळ असूनही माती धरून राहिली, आणि धरणारी वस्तू डोळ्यांना दिसत होती.

पाणी अडतं या आक्षेपाचंही उत्तर यात आहे. ओढ्याच्या पात्रात, गाळाच्या बेटावर उगवलेलं झुडूप पाणी अडवतंच. ते काढायला हवं. उतारावरचं झुडूप पुरात वाकतं आणि काठाला लागून जाणाऱ्या पाण्याचा वेग कमी करतं. पात्रातलं आणि उतारावरचं हा भेद यंत्राला कळत नाही, तो कामाच्या कागदावर लिहावा लागतो. त्या कागदावर फक्त झुडपं काढणे एवढंच होतं.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत तात्यांच्या उघड्या मातीवर रानमोडी आणि गाजरगवत आलं. रानमोडीही वासाची, तिलाही गुरं खात नाहीत, त्यामुळं लांबून बघणाऱ्याला वाटावं की झुडपाच्या जागी झुडूप आलं, बिघडलं काय? ती मूळची अमेरिका खंडातली, इथं पसरलेली. तिची मुळं उथळ. उन्हाळ्यात ती वाळते आणि एका ठिणगीनं पेटते. पावसाच्या तोंडावर, जेव्हा काठाला मुळांची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा तिथं राख आणि उघडी माती असते.

काठ परत धरताना

तात्यांनी पहिल्यांदा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ती काठाशी रचली. एक पावसाळा ती कशीबशी टिकली, उन्हानं पोती फाटली, माती गेली. दगडी भिंत घालायचा खर्च त्यांच्या आवाक्यात नव्हता. तेव्हा निर्गुडीच परत लावायची ठरली. हे नवीन काही नाही. नेपाळमध्ये डोंगरी रस्त्यांचे उतार धरायला निर्गुडीच्या जिवंत फांद्या वापरतात, तिथं तिला सिमली म्हणतात.

आधी काठाच्या पायथ्याला गोट्यांची रांग घातली, कारण पाया पोखरत राहिला तर वर काहीही लावून उपयोग नाही. मग उभा काठ फावड्यानं तोडून तिरका केला. यात आणखी हातभर जमीन गेली, आणि तात्यांना हे पटायला वेळ लागला. ज्याची जमीन आधीच गेली आहे त्याला आणखी थोडी स्वतःच्या हातानं सोड म्हणणं सोपं नाही. पण उभ्या काठावर कुठलीच फांदी जगत नाही.

रोपं विकत आणली नाहीत. यंत्रानं टाकलेल्या ढिगाचा जो भाग काठापासून आत राहिला होता, त्यातल्या तुटक्या मुळांतून निर्गुडी आपणहून फुटली होती. शिवाय आज्जींची जाळी होतीच. फांद्या घेतल्या त्या मागच्या वर्षीच्या वाढीच्या, अंगठ्याएवढ्या जाड, दीड-दोन हात लांब. खालचं टोक कोयत्यानं तिरकं तासायचं, वरचं सरळ. म्हणजे उलटी रोवली जात नाही आणि घाव बसायला सपाट डोकं मिळतं. फांदी थेट ठोकली तर साल निघते, म्हणून आधी पहारेनं भोक पाडायचं, फांदीचे दोन भाग आत आणि एक भाग बाहेर ठेवून ती बसवायची आणि बाजूची माती पायानं घट्ट दाबायची. माती सैल राहिली तर आत हवा राहते आणि मूळ धरत नाही. तोडलेली फांदी त्याच दिवशी रोवायची, तोवर ओल्या पोत्यात. उताराला आडव्या ओळी, आणि दोन ओळींच्या मध्ये पाल्यासकट फांद्यांच्या मोळ्या अर्ध्या पुरलेल्या. त्या मोळ्या वाहून येणारी माती धरतात आणि त्यांनाही मुळं फुटतात. अधेमधे वाळ्याचे ठोंब लावले, कारण वाळ्याची मुळं निर्गुडीपेक्षा खोल, सरळ खाली जातात.

वेळ धूळवाफ, म्हणजे पावसाआधीची कोरडी, पेरणी उरकल्यानंतरची, मृगाच्या तोंडावर. उशीर केला तर फांदीला मूळ यायच्या आधी पूर येतो.

सगळं जगलं नाही. पाण्याजवळच्या दोन ओळी चांगल्या लागल्या. सगळ्यात वरच्या ओळीतल्या बऱ्याच फांद्या पहिल्या पावसात फुटल्या आणि दिवाळीनंतर वाळल्या. पालवी फांदीतल्या साठ्यावर आली होती, मूळ ओलीपर्यंत पोचलं नव्हतं. एका जागी ओळच्या ओळ गेली ती म्हशींमुळे. म्हैस निर्गुडी खात नाही, पण तुडवते. त्यांची पाण्यावर उतरायची जुनी वाट नेमकी तिथूनच होती. पहिल्या वर्षी काट्या लावून ती बंद करायचा प्रयत्न झाला. म्हशींनी काट्या बाजूला सारल्या. दुसऱ्या वर्षी ती वाट तशीच राखली, तिच्यावर गोटे पसरले आणि लावणी तिच्या दोन्ही बाजूंना केली. ओढा गुरांचाही आहे, हे धरूनच काठाची आखणी करावी लागते.

आज तात्यांचा काठ जागेवर आहे. गेलेली जमीन आली नाही, येणारही नाही. मोठा, सगळी नदी अंगावर घेणारा पूर आला तर हा काठ कितपत टिकेल हे तेव्हाच कळेल. नदीच्या मोठ्या कापासमोर झुडपांवर विसंबू नये, असंच माझं मत आहे. ओढ्याच्या मापाला मात्र हा उपाय बसतो. यात खर्च झाला तो मजुरीचा, आणि ती बहुतेक घरचीच होती.

मधल्या काळात कुणीतरी सुचवलं होतं की शाळेच्या आवारात औषधी बाग करून तिथं निर्गुडी लावू, म्हणजे ती नष्ट होणार नाही. लावावी, मुलांना पान ओळखता येईल. पण नष्ट व्हायचा धोका निर्गुडीला कधी नव्हताच. ती कुठंही फांदी रोवली तरी येते. धोका तिच्या जागेला आहे. आवारातल्या निर्गुडीखाली ओढा नसतो, तिच्या मुळांना धरायला काठ नसतो, शेजारी लव्हाळा आणि शेरणी नसते.

आता उरलेलं काम दोन गोष्टींचं. पहिलं कागदावरचं: ओढ्याचं पुढचं काम मंजूर होताना त्यात पात्रातली झुडपं काढावीत, उतारावरची निर्गुडी उपटू नये, फक्त गुडघ्याएवढी छाटावी, आणि निघालेला गाळ काठापासून दूर टाकावा, असं स्पष्ट लिहून घ्यायचं. यासाठी तात्या स्वतः पंचायतीत जातात, आणि ज्याची जमीन गेली तो माणूस बोलतो तेव्हा लोक ऐकतात. दुसरं, छाटणी करणार कोण. कणग्या परत येणार नाहीत. पण तात्यांनी गेल्या सुगीनंतर फोक कापून घेवड्याच्या वेलांना आणि परसातल्या टोमॅटोला आधाराला लावले, आणि उरलेला पाला वाळवून भाताच्या पोत्यांत घातला. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी फोक मागितलेत. त्यांना तात्यांची अट एकच आहे: कोयता आणायचा, कुदळ नाही.